इंग्रजीत दुसऱ्याचे बोलणे सांगताना मराठी माणूस नेमका कुठे अडखळतो

प्रश्नकर्त्याची अडचण थोडक्यात अशी आहे. त्यांचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि परीक्षेत डायरेक्ट स्पीचचे इनडायरेक्ट करण्याचे प्रश्न बहुतेक वेळा बरोबर सुटत असत. आता नोकरीत मात्र ग्राहकाने दूरध्वनीवर काय सांगितले हे वरिष्ठांना इंग्रजीत सांगण्याची वेळ आली की वाक्य मध्येच अडते, 'मी' आणि 'तो' यांची गल्लत होते आणि नेमके कोण येणार नाही असे ऐकणाऱ्याला पुन्हा विचारावे लागते. नियम पाठ असूनही असे का होते आणि हा भाग नव्याने कसा शिकावा, असे त्यांनी विचारले आहे. मराठी माध्यमातून आलेल्या प्रौढ विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे आणि ही तक्रार मला नवी नाही.

शाळेतील प्रश्नात अवतरणचिन्हांतले वाक्य छापून समोर ठेवलेले असते. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, हे तिथे लिहिलेले असते आणि आपण फक्त शब्दांची अदलाबदल करतो. प्रत्यक्षात असे वाक्य आपल्या हाती कोणी देत नाही. आपण काहीतरी ऐकलेले असते, पुष्कळदा तेही मराठीतच, आणि त्याचा आशय आपल्याला आपल्या तोंडाने तिसऱ्या माणसाला सांगायचा असतो. तिथे मनात आधी मराठी वाक्य तयार होते, आणि ते वाक्य 'की' या अव्ययाने जोडलेले असते. माझ्या मते बहुतेक चुकांचा उगम या 'की'मध्ये आहे, काळांच्या तक्त्यात नाही.

'सुनील म्हणाला की मी उद्या येणार नाही,' हे मराठीत अगदी सरळ वाक्य आहे. यातील 'मी' म्हणजे सुनील, हे कोणत्याही मराठी माणसाला सांगावे लागत नाही. 'की'नंतर आपण मूळ बोलणाऱ्याचे वाक्य जवळजवळ जसेच्या तसे ठेवतो. त्याचा पुरुष, त्याचा काळ, त्याचे 'उद्या', सगळे त्याच्याच जागेवरून मोजलेले असते. इंग्रजीतील 'दॅट' हा शब्द या 'की'चा प्रतिशब्द म्हणून आपण शाळेत शिकतो, पण त्याचा स्वभाव वेगळा आहे. 'दॅट'नंतरचे सर्व काही सांगणाऱ्याच्या जागेवरून मोजले जाते. 'सुनील सेड दॅट आय वुड नॉट कम' असे आपण म्हटले तर इंग्रजी ऐकणाऱ्याच्या लेखी न येणारी व्यक्ती सुनील नसून आपण स्वतः असतो. काळ चुकला तरी बहुधा ऐकणारा समजून घेतो. पुरुष चुकला तर त्याच्यापर्यंत चुकीची माहिती पोहोचते. म्हणून प्रौढ विद्यार्थ्याने या विषयाची सुरुवात काळाच्या बदलापासून न करता सर्वनामांपासून करावी, असा माझा आग्रह असतो, जरी बहुतेक अभ्यासपुस्तिका नेमका उलटा क्रम घेतात.

यावर उपाय मराठीतच आहे, आणि तो मी सर्वांत आधी शिकवतो. मराठीत दुसऱ्याचे बोलणे सांगण्याची आणखी एक रीत आहे, जी आपण बोलताना कमी वापरतो पण वर्तमानपत्रात रोज वाचतो: 'आपण दुसऱ्या दिवशी येणार नसल्याचे सुनीलने सांगितले.' 'आपण निर्दोष असल्याचे त्याने न्यायालयात सांगितले.' 'रक्कम मिळाली नसल्याचे ग्राहकाने कळवले.' या रचनेत 'की' नाही आणि 'मी'सुद्धा नाही. 'आपण' हे सर्वनाम सुनीलकडेच बोट दाखवते, आणि तो 'आपण' इंग्रजीत सरळ 'ही' होतो: 'सुनील सेड दॅट ही वुड नॉट कम द नेक्स्ट डे.' प्रश्नांच्या बाबतीत हीच सोय 'ते' या शब्दाने होते: 'मी कुठे राहतो ते त्याने विचारले.' या वाक्यातील 'मी' सांगणाराच आहे. आज्ञेच्या बाबतीत तर 'त्याने मला थांबायला सांगितले' ही आपली रोजच्या बोलण्यातली रचना इंग्रजीच्या 'ही टोल्ड मी टु वेट'शी शब्दाला शब्द जुळते. म्हणजे सांगणाऱ्याच्या जागेवरून बोलण्याची सवय मराठी माणसाला नाही असे मुळीच नाही. फक्त 'की' म्हणताक्षणी आपण ती सवय बाजूला ठेवतो. सुरुवातीचे काही आठवडे मनातल्या 'की'च्या वाक्याला आधी 'असल्याचे', 'नसल्याचे', 'येणार असल्याचे', 'का ते', 'यला सांगितले' या साच्यात बसवावे आणि मगच इंग्रजीकडे जावे. हा मधला टप्पा पुढे आपोआप गळून पडतो.

सर्वनामांमध्ये आणखी दोन अडचणी मराठीतूनच येतात. पहिली म्हणजे आपण कर्ता सहज गाळतो. 'म्हणाला, येतो' या दोन शब्दांत येणारा कोण हे मराठी ऐकणाऱ्याला कळते, पण पुल्लिंगी रूपात 'मी येतो' आणि 'तो येतो' यांचे क्रियापद एकच असल्याने इंग्रजीत नेताना कर्ता कोणता घ्यावा याचा विचार मुद्दाम करावा लागतो. शिवाय इथले 'येतो' हे रूप वर्तमानकाळाचे दिसत असले तरी अर्थ भविष्याचा आहे. त्यामुळे 'ही सेड ही केम' हे उत्तर नियमाने वर्तमानाचा भूतकाळ करूनही चुकते आणि 'ही सेड ही वुड कम' हे बरोबर ठरते. काळ बदलण्यापूर्वी मूळ वाक्याचा अर्थ कोणत्या काळाचा आहे हे पाहावे, त्याच्या रूपावर जाऊ नये. दुसरी अडचण 'आपण' आणि 'आम्ही' यांची. मराठीत साहेब 'आपण सोमवारी भेटू' म्हणाले की 'आम्ही सोमवारी भेटू' म्हणाले यावरून ऐकणारा त्या भेटीत आहे की नाही हे ठरते. इंग्रजीत दोन्हींना 'वी' आहे. म्हणून सांगताना आपण त्या भेटीत असू तर 'ही सेड वी वुड मीट ऑन मंडे' आणि नसू तर 'ही सेड दे वुड मीट ऑन मंडे', असा निर्णय आपल्यालाच घ्यावा लागतो.

आता काळाकडे वळू. 'ताई म्हणाली की मला बरे नाही' या मराठी वाक्यात म्हणणे भूतकाळात आणि बरे नसणे वर्तमानात आहे, आणि आपल्याला त्यात काही खटकत नाही. इंग्रजीत मुख्य क्रियापद भूतकाळी असेल तर आतले क्रियापदही एक पायरी मागे सरकते: 'शी सेड शी वॉज नॉट वेल.' ऑटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकाराने या सरकण्याला बॅकशिफ्टिंग हा शब्द वापरला आणि आजही इंग्रजीच्या अध्यापनात तोच रूढ आहे. विद्यार्थी विचारतात, 'वॉज' म्हटले तर ताई आता बरी झाली असा अर्थ होणार नाही का? होत नाही. ती आता कशी आहे याबद्दल हे वाक्य काहीच सांगत नाही. ती बोलली त्या वेळी तसे होते, एवढेच ते सांगते.

हा बदल मात्र प्रत्येक वेळी सक्तीचा नाही, आणि इथे शाळेतील शिकवणे अपुरे पडते. सांगण्याचे क्रियापद 'सेज' किंवा 'हॅज सेड' असेल तर काही मागे सरकवायचे नसते. गोष्ट अजूनही खरी असेल आणि आपल्याला ती खरी आहे असे म्हणायचे असेल, तर 'शी टोल्ड मी शी लिव्ह्ज इन नाशिक' हे उत्तम इंग्रजी आहे. उलट आपल्याला त्या विधानाची जबाबदारी घ्यायची नसेल, तर मागे सरकवणे अधिक सुरक्षित असते: 'ही टोल्ड मी ही वॉज अ डॉक्टर' यात तो डॉक्टर असेलही, नसेलही. कार्यालयात नुकताच आलेला निरोप सांगताना नवशिक्याने संकोच न करता 'सेज' वापरावे, असा माझा सल्ला आहे. 'द क्लायंट सेज द पेमेंट इज रेडी' हे बरोबर आहे, नैसर्गिक आहे, आणि त्यात काळाचा गोंधळ होण्याची शक्यताच उरत नाही.

जेव्हा बदल करायचा असतो तेव्हा तो फारसा अवघड नाही. 'इज'चे 'वॉज', 'हॅज'चे 'हॅड', 'विल'चे 'वुड' आणि 'कॅन'चे 'कुड' हे चार बदल रोजच्या बोलण्याचा बहुतांश भार उचलतात. साध्या भूतकाळाचा 'हॅड'युक्त पूर्ण भूतकाळ करावा असे पुस्तके सांगतात, पण बोलताना आणि पत्रव्यवहारात, कोणती गोष्ट आधी घडली हे स्पष्ट असेल तर साधा भूतकाळ तसाच ठेवलेला सर्रास आढळतो. 'वुड', 'कुड', 'शुड', 'माइट' हे तसेच राहतात. 'मस्ट'चा अर्थ पाहावा लागतो: सक्ती असेल तर सहसा 'हॅड टु' होते, पण 'तो दमला असणार' असा तर्क असेल तर 'मस्ट' जागचे हलत नाही. 'मी तुझ्या जागी असतो तर' यासारखी कल्पित वाक्येही बदलत नाहीत, कारण तिथे भूतकाळाचे रूप मुळात काळासाठी वापरलेलेच नसते.

'टुडे'चे 'दॅट डे', 'टुमॉरो'चे 'द नेक्स्ट डे', 'हिअर'चे 'देअर' हा तक्ता सर्वांना पाठ असतो आणि तो डोळे झाकून लावला की विनोदी प्रकार घडतात. ग्राहकाने सकाळी 'मी उद्या येईन' असे सांगितले आणि आपण ते त्याच दिवशी दुपारी वरिष्ठांना सांगत असू, तर ग्राहकाचा 'उद्या' आणि आपला 'उद्या' एकच आहे. तिथे 'टुमॉरो' हाच शब्द बरोबर. तेच बोलणे आठवड्याने सांगायचे असेल तर 'द नेक्स्ट डे'. तक्त्याऐवजी स्वतःला एवढेच विचारावे की मी आता कुठे आणि केव्हा उभा आहे. येणे-जाणे आणि आणणे-नेणे या जोड्यांनाही हेच लागू होते: तिकडच्या शाखेतील माणूस 'मी कागद घेऊन येतो' असे तिथल्या सहकाऱ्याला म्हणाला असेल, तर आपल्या जागेवरून 'ब्रिंग'ऐवजी 'टेक' म्हणणे योग्य ठरते.

सर्वांत चिवट चुका प्रश्नांमध्ये होतात. 'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डू आय लिव्ह' हे वाक्य मी चांगले शिकलेल्या लोकांकडूनही ऐकतो. यात दोन स्वतंत्र चुका आहेत. 'दॅट' आला तो मराठीतील 'त्याने विचारले की' या जोडणीतून. इंग्रजीत 'व्हेअर', 'व्हेन', 'व्हाय' हे शब्द स्वतःच जोडण्याचे काम करतात, त्यांच्याआधी दुसरे अव्यय लागत नाही. 'डू' राहिला तो मूळ इंग्रजी प्रश्नातून. इंग्रजी थेट प्रश्नात साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या पुढे उडी मारते; दुसऱ्याचा प्रश्न सांगताना ते परत आपल्या जागी जाते, कारण आता आपण प्रश्न विचारत नाही, प्रश्नाची माहिती देत आहोत. बरोबर वाक्य 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड' असे आहे. मराठीत प्रश्न विचारताना क्रियापद जागा सोडत नाही, त्यामुळे हे आपल्याला खरे तर सोपे जायला हवे. अडचण होते ती थेट प्रश्नासाठी घोकलेल्या 'व्हेअर डू यू' या साच्याची. 'मी कुठे राहतो ते' हा तुकडा मनात धरला तर 'व्हेअर आय लिव्ह्ड' हा तुकडा त्यातून बाहेर पडतो आणि 'डू'ला जागाच राहत नाही.

हो किंवा नाही अशा उत्तराच्या प्रश्नात मराठी 'का'ची जागा 'इफ' किंवा 'व्हेदर' घेते: 'शी आस्क्ड मी इफ आय वॉज फ्री.' दोन्ही शब्द बहुतेक ठिकाणी चालतात. मात्र 'टु'च्या आधी आणि 'अबाउट'सारख्या शब्दयोगी अव्ययानंतर 'व्हेदर'च घ्यावे लागते. लिहिताना शेवटी प्रश्नचिन्ह देऊ नये. आणि प्रश्नाच्या रूपात आलेली प्रत्येक गोष्ट प्रश्न नसते. 'कॅन यू सेंड द फाइल?' असे कोणी म्हटले, तर तो आपल्या क्षमतेची चौकशी करत नसतो. 'ही आस्क्ड मी टु सेंड द फाइल' असे विनंतीचे रूप तिथे हवे. आज्ञा किंवा विनंती नकारार्थी असेल तर 'टु'च्या आधी 'नॉट' येते: 'शी टोल्ड मी नॉट टु कॉल.' 'टु डोन्ट कॉल' ही चूक बोलण्याच्या ओघात फार होते, म्हणून 'नॉट टु' ही जोडी मोठ्याने म्हणून जिभेवर बसवावी.

'से' आणि 'टेल' यांबाबत एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरते. 'टेल' या क्रियापदाला कोणाला सांगितले ते लगेच हवे असते, 'से' या क्रियापदाला ते थेट जोडता येत नाही. मराठीत 'तो म्हणाला' आणि 'तो मला म्हणाला' दोन्ही सारख्याच सहजतेने येत असल्याने 'ही सेड मी' आणि 'ही टोल्ड दॅट' या दोन्ही चुका आपल्याकडून होतात. अशाच स्वभावाच्या आणखी काही क्रियापदांकडे लक्ष द्यावे. 'सजेस्ट'नंतर 'मी टु गो' येत नाही; 'ही सजेस्टेड दॅट आय शुड टेक द मॉर्निंग ट्रेन' किंवा नुसते 'ही सजेस्टेड टेकिंग द मॉर्निंग ट्रेन' असे म्हणावे. 'एक्सप्लेन'नंतर व्यक्ती थेट न येता 'टु मी' असे येते. 'डिनाय' आणि 'रिफ्यूज' यांची गल्लत तर हमखास होते, कारण मराठीत आरोपही नाकारता येतो आणि पैसे देण्यासही नकार देता येतो. घडलेली गोष्ट आपण केली नाही असे म्हणणे म्हणजे 'डिनाय', पुढची गोष्ट करणार नाही असे म्हणणे म्हणजे 'रिफ्यूज': 'ही डिनाइड टेकिंग द मनी', पण 'ही रिफ्यूज्ड टु गिव्ह द मनी'.

या क्रियापदांची यादी पाठ करून प्रत्येक वाक्यात वेगळे क्रियापद पेरण्याचा मोह काहींना होतो. तो आवरावा. 'सेड' हे क्रियापद कितीही वेळा आले तरी ते खटकत नाही, आणि ते कोणाचीही बाजू घेत नाही. 'अ‍ॅडमिटेड' म्हटले की त्या माणसाने दोष कबूल केला असे होते. 'क्लेम्ड' म्हटले की आपल्याला त्याच्या म्हणण्याचा भरवसा नाही असे सूचित होते. मराठी बातमीत 'सांगितले' आणि 'कबुली दिली' यांत जे अंतर आहे, तेच इथे आहे. ग्राहकाने केवळ देयक उशिरा पाठवल्याची माहिती दिली असताना ई-मेलमध्ये 'अ‍ॅडमिटेड' लिहिले, तर भांडणाला आमंत्रण मिळू शकते.

मराठीतील 'म्हणे' या शब्दाचे काय करावे, असे मला वरचेवर विचारले जाते. 'तो नोकरी सोडणार म्हणे' यात सांगणाऱ्याचे नाव नाही, खात्री नाही आणि थोडी कुजबुजही आहे. बोलताना 'अपरंटली' हा शब्द वाक्याच्या सुरुवातीला ठेवला की हे काम बरेचसे होते: 'अपरंटली, ही इज लीव्हिंग हिज जॉब.' लेखनात 'ही इज सेड टु बी लीव्हिंग' किंवा 'इट इज सेड दॅट' ही रूपे अधिक शोभतात.

सरावाबाबत माझे मत थोडे कठोर आहे. अवतरणचिन्हांतल्या वाक्यांचे रूपांतर करण्याचा सराव प्रौढ विद्यार्थ्याने जवळजवळ बंद करावा. त्याऐवजी आकाशवाणीचे मराठी बातमीपत्र ऐकावे आणि संपल्यावर त्यातील तीन-चार विधाने, कोण काय म्हणाले या स्वरूपात, मोठ्याने इंग्रजीत सांगावीत. बातम्यांचे मराठी आधीच 'असल्याचे सांगितले' या साच्यात असल्याने सर्वनामे आयती बरोबर येतात आणि लक्ष काळावर देता येते. पुढच्या टप्प्यात दिवसभरात घरात किंवा कार्यालयात झालेले एखादे खरे संभाषण घ्यावे आणि ते भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावे. ऐकताना सगळे एकदम तपासू नये. पहिल्या फेरीत फक्त 'आय', 'ही', 'शी' कोणाकडे बोट दाखवतात ते पाहावे, दुसऱ्या फेरीत प्रश्नांमधील 'डू' आणि 'डिड' शोधावेत, काळ शेवटी पाहावा. तिघे असाल तर याहून चांगला सराव म्हणजे निरोप्याचा: पहिल्याने दुसऱ्याच्या कानात मराठीत काही सांगावे, दुसऱ्याने ते तिसऱ्याला इंग्रजीत सांगावे आणि तिसऱ्याने त्यावरून कृती करावी. चूक झाली की ती कृतीत दिसते, समजावून सांगावी लागत नाही.

राज्य मंडळाची किंवा स्टाफ सिलेक्शन कमिशनची परीक्षा द्यायची असेल तर मात्र वेगळा विचार करावा. तिथे 'सेड टु'चे 'टोल्ड', 'नाऊ'चे 'देन', साध्या भूतकाळाचा 'हॅड'युक्त काळ हे तक्त्यातले बदल अपेक्षित असतात, आणि मी वर दिलेल्या सवलतींचा आधार घेऊन उत्तर सोडवणे शहाणपणाचे नाही. शाश्वत सत्याचा काळ बदलू नये, हा नियम तिथेही चालतो.

शेवटचा मुद्दा लांब निरोपांचा आहे. ग्राहकाने पाच वाक्ये सांगितली म्हणून आपणही पाच वेळा 'ही सेड' म्हणायला हवे असे नाही. मधली औपचारिक वाक्ये गाळावीत, विनंती आणि माहिती वेगळी करावी. पण दोन विधाने 'अँड'ने जोडताना दुसरा 'दॅट' गाळू नये. 'ही सेड दॅट द गुड्स हॅड अराइव्ह्ड अँड टू बॉक्सेस वर डॅमेज्ड' असे म्हटले, तर दोन खोकी फुटल्याचे ग्राहक म्हणतो आहे की आपण पाहून सांगतो आहोत हे कळत नाही. 'अँड दॅट टू बॉक्सेस वर डॅमेज्ड' असे म्हटले की तक्रार ग्राहकाची आहे हे स्पष्ट राहते, आणि ती तपासण्याचे काम वरिष्ठांकडे जाते.